धोतऱ्याची बाधा : भुताची नव्हे, विषाची
(शेतकरी बंधू-भगिनींसाठी आकाशवाणीवरील भाषण)



आज एका अशा झाडाविषयी बोलायचं आहे, जे तुमच्यापैकी प्रत्येकानं पाहिलेलं आहे. ते कुणी लावत नाही, त्याला कुणी खत घालत नाही की पाणी देत नाही. तरी ते उकिरड्यावर, गोठ्यामागे, बांधावर, पडीक रानात जोमानं वाढतं. जनावर सहसा त्याला तोंड लावत नाही. महाशिवरात्रीला मात्र त्याची फुलं आणि काटेरी फळं आपण आवर्जून आणतो आणि महादेवाला वाहतो. ते झाड म्हणजे धोतरा.

धोतरा विषारी आहे, हे गावात लहानथोरांना ठाऊक असतं. पण त्याचं विष अंगात भिनलं म्हणजे माणूस कसा दिसतो, कसा वागतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. घोटाळा होतो तो इथंच. धोतरा पोटात गेलेला माणूस असंबद्ध बडबडतो, समोर नसलेल्या माणसांशी बोलतो, हवेतले दोरे ओढल्यासारखे हात करतो, कपडे ओरबाडतो, झोकांड्या खातो. घरचे म्हणतात, ह्याला बाहेरचं झालं. शेजारी म्हणतो, प्यालाय. तिसरा म्हणतो, फवारणीचं औषध लागलं. ह्या गडबडीत दवाखान्यात पोचण्याचे पहिले मोलाचे तास देवऋष्याच्या दारात नाही तर घरच्या ओसरीवर निघून जातात. ते तास वाया जाऊ नयेत, एवढ्याचसाठी आजचं हे बोलणं आहे.

झाडाची ओळख

धोतरा हा वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा ह्यांच्याच कुळातला. पान दिसायला वांग्याच्या पानासारखं. चुरगळलं तर उग्र, नकोसा वास येतो. फूल लांबट, कर्ण्याच्या आकाराचं. पांढऱ्या फुलाचा तो पांढरा धोतरा आणि जांभळट फुलाचा तो काळा धोतरा, असं आपण म्हणतो. फळ लिंबाएवढं, गोल, काटेरी. पिकलं की तडकतं आणि आतून शेकडो चपट्या बिया बाहेर पडतात.

पांढरा असो की काळा, विष दोन्हींत आहे. मूळ, खोड, पान, फूल, फळ, बी, ह्यांतला एकही भाग निर्विष नाही. त्यातही बी फार जहाल. एका झाडात विष किती आणि दुसऱ्यात किती, ह्याचा काही नेम नसतो. जमीन, हवामान, झाडाचं वय ह्यांप्रमाणे ते कमीजास्त होतं. म्हणून 'इतकं खाल्लं तर चालतं' असं धोतऱ्याच्या बाबतीत कुणीच सांगू शकत नाही. शिजवून, भाजून किंवा वाळवून हे विष जात नाही, हेही ध्यानात ठेवा.

बागेत शोभेसाठी एक झुडूप लावतात. त्याला मोठमोठी, खाली लोंबणारी, घंटेसारखी फुलं येतात. त्याचं विष धोतऱ्याचंच. औषधी दुकानात मिळणारा खुरासानी ओवा हाही त्याच जातीच्या विषाचा आहे. नाव ओवा असलं तरी तो आपला स्वयंपाकातला ओवा नव्हे.

विष पोटात जातं कसं?

पहिली वाट मुलांची. पावसाळा सरता सरता फळं तयार होतात. मुलं भातुकली मांडतात, काटेरी फळ फोडतात, बिया तोंडात टाकतात. महाशिवरात्रीला पूजेसाठी आणलेलं फळ देवघरात खालीच राहिलं, तरी हाच धोका. पूजा झाली की निर्माल्यातला धोतरा मुलांच्या हाती लागणार नाही असा खोल खड्ड्यात पुरावा. तीर्थात, प्रसादात किंवा थंडाईत त्याचं पान-बी पडता कामा नये.

दुसरी वाट भाजीची. रानातून तांदुळजा, माठ, चाकवत खुडून आणताना धोतऱ्याची कोवळी रोपं त्यात येऊ शकतात. भाजी निवडताना उग्र वासाचं, अनोळखी पान दिसलं तर ते टाकून द्या.

तिसरी वाट धान्याची. धोतऱ्याचं झाड पिकात राहिलं आणि पिकाबरोबर कापून मळणी यंत्रात गेलं, तर बी धान्यात मिसळतं. २०१९ सालच्या मार्च-एप्रिलमध्ये आफ्रिकेतल्या युगांडा देशात, करामोजा भागात, मदत म्हणून वाटलेलं मका-सोयाबीनचं पीठ खाऊन सुमारे ३०० लोक आजारी पडले आणि ५ जण दगावले. त्या पिठात धोतऱ्याच्याच जातीचं विष सापडलं. सोयाबीन आपल्या मराठवाड्यात आणि विदर्भात किती पिकतं, हे तुम्हांला सांगायला नको. तेव्हा ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देऊ नका.

चौथी वाट मिरचीच्या बियांची. धोतऱ्याचं बी मिरचीच्या बियांत सहज खपून जातं. फरक असा : मिरचीचं बी पातळ, गुळगुळीत, फिकट पिवळं आणि तिखट. धोतऱ्याचं बी थोडं मोठं, जाड, मूत्रपिंडाच्या आकाराचं, तपकिरी आणि खरबरीत. चव घेऊन पाहू नका, डोळ्यांनीच ओळखा.

पाचवी वाट घरगुती औषधांची. दम्यासाठी पानांची विडी ओढणं, पिसाळलेलं कुत्रं चावलं म्हणून पाल्याचा रस पाजणं, असे प्रकार काही ठिकाणी होतात. आयुर्वेदातसुद्धा धोतऱ्याची गणना उपविषांत केली आहे आणि शुद्ध केल्याखेरीज तो औषधात वापरत नाहीत. ते काम जाणत्या वैद्याचं, आपलं नव्हे. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी. रेबीजवर धोतऱ्याचा काडीचाही उपयोग नाही. रोग तसाच राहतो आणि वर विषबाधा होते.

सहावी वाट म्हणजे खोडी किंवा कपट. भांगेत धोतऱ्याचं बी टाकून 'गंमत' करणारे असतात. गुंगी आणून लुटणारेही असतात. प्रवासात अनोळखी माणसानं दिलेला चहा, पेढा, बिस्किट घेऊ नये. आणि गंमत म्हणून धोतरा चाखून पाहणाऱ्या तरुण पोरांना एवढंच सांगणं : ह्यात मजा नाही. ह्यात भीती आहे, भ्रम आहे आणि जिवाला धोका आहे.

विष अंगात काय करतं?

धोतऱ्यात अॅट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही द्रव्यं असतात. आपल्या अंगात लाळ सुटणं, घाम येणं, आतडी हलणं, लघवी होणं, उजेडात डोळ्याची बाहुली बारीक होणं ही कामं काही मज्जातंतूंच्या निरोपावर चालतात. धोतऱ्याचं विष हा निरोपच अडवतं. पाटाला आड बांध घातला की पुढचं शिवार कसं कोरडं पडतं, तसंच हे. लाळ आटते, घाम आटतो, आतडी थंडावतात, लघवी तुंबते. हेच विष मेंदूतही शिरतं, म्हणून भ्रम होतो आणि नसलेलं दिसू लागतं.

मोतीबिंदूच्या शिबिरात डॉक्टर डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. ते थेंब ह्याच गुणाचे असतात. धोतरा उपटताना त्याची धूळ किंवा रस डोळ्यात गेला तरीही त्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जवळचं अंधुक दिसू लागतं.

चार खुणा

बिया किंवा पाला पोटात गेल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात त्रास सुरू होतो. बी वाटून किंवा काढा करून घेतलं असेल तर त्याहून लवकर. अख्खं बी गिळलं असेल तर उशिरानंही. चार खुणा पाठ करून ठेवा.

१. तोंड कोरडं. जीभ टाळूला चिकटते, सारखी तहान लागते, घोट गिळवत नाही, आवाज घोगरा होतो.

२. अंग गरम, पण घाम नाही. चेहरा लालबुंद होतो, काख कोरडी असते, ताप चढतो.

३. डोळ्याची बाहुली मोठी. बॅटरीचा झोत डोळ्यावर टाकला तरी ती नेहमीसारखी बारीक होत नाही. उजेड सोसत नाही, जवळचं दिसत नाही.

४. बोलणं असंबद्ध. माणूस पुटपुटतो, घाबरतो, हसतो, नसलेलं पाहतो, हवेतून काही वेचल्यासारखं करतो, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही.

ह्यांच्या जोडीला नाडी भरभर चालते, लघवी अडते, पाय लटपटतात. विष जास्त असेल तर झटके येतात, माणूस बेशुद्ध पडतो आणि प्राणही जाऊ शकतो. लहान मुलाला थोड्या बियांनीही मोठा धोका असतो.

भ्रम एक-दोन दिवस टिकू शकतो आणि बाहुली त्याहूनही जास्त दिवस मोठी राहते. शुद्धीवर आल्यावर त्या वेळचं बहुधा काही आठवत नाही. म्हणून 'काय खाल्लं होतंस?' ह्याचं उत्तर रोग्याकडून मिळेलच असं नाही. ते तुम्हीच शोधायचं. त्याचे खिसे पाहा, ज्या भांड्यात खाल्लं ते भांडं पाहा, खेळण्याच्या जागेत फुटकी काटेरी फळं पडली आहेत का पाहा.

आता 'बाहेरचं झालं' म्हणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती. भुताच्या बाधेनं डोळ्याची बाहुली मोठी होत नाही, जीभ कोरडी पडत नाही आणि लघवी तुंबत नाही. ही कामं विषाची आहेत. अशा माणसाला दोरीनं बांधलं, मारलं, मिरचीची धुरी दिली, तर तो धडपडतो, त्याचा ताप आणखी चढतो आणि जीव जायला तेवढं निमित्त पुरतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाही आहे. देवावर श्रद्धा असेल तर घरच्या देवापुढं नारळ ठेवा, पण रोग्याला घेऊन गाडी आधी दवाखान्याकडे निघू द्या.

दारू प्यालेल्याच्या तोंडाला दारूचा वास येतो. वास नाही आणि वरच्या खुणा आहेत, तर दारूवर ढकलून त्याला झोपवून ठेवू नका. उन्हाळ्यात ऊन लागलं तरी अंग तापतं आणि माणूस बरळतो. तिथंही अंग गार करणं आणि दवाखाना गाठणं हाच मार्ग आहे. त्यामुळे शंका असली तरी नुकसान काही होत नाही.

शाळकरी मुलं चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या खातात, तो प्रकार वेगळा. त्यात उलट्या, जुलाब आणि पोटात कळा येतात. दवाखाना त्यालाही लागतोच, पण खुणा निराळ्या.

फवारणीच्या विषाशी गल्लत नको

ही गोष्ट शेतकऱ्यानं विशेष लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून शेतात कुणी भोवळ येऊन पडलं की पहिला संशय औषधाचा येतो. संशय रास्त आहे. पण ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांतल्या कीटकनाशकांची खूण धोतऱ्याच्या अगदी उलट असते. तिथं तोंडातून लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, दरदरून घाम सुटतो, जुलाब-उलट्या होतात आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. धोतऱ्यात सगळं कोरडं आणि बाहुली मोठी. त्या विषात सगळं ओलं आणि बाहुली बारीक.

आणखी महत्त्वाचं असं की, त्या कीटकनाशकांच्या विषबाधेवर डॉक्टर जे इंजेक्शन देतात ते अॅट्रोपीनचं, म्हणजे धोतऱ्यात आहे त्याच द्रव्याचं. आता विचार करा. धोतरा खाल्लेल्या माणसाला तुम्ही दवाखान्यात नेलं आणि खात्री नसताना 'फवारणीचं औषध लागलंय' असं ठासून सांगितलं, तर डॉक्टरांच्या तपासाला चुकीची दिशा मिळते. ज्या विषानं तो आजारी आहे, तेच औषध म्हणून देण्याचा प्रसंग येऊ शकतो. म्हणून आपला निष्कर्ष सांगू नका, जे पाहिलं ते सांगा. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, त्या दिवशी फवारणी केली होती का, कोणतं औषध होतं, हे सगळं खरं खरं सांगा. फवारणी झाली असेल तर डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्या.

आणि हे ऐकून कुणी फवारणीच्या विषावर घरीच धोतऱ्याचा रस पाजण्याचा खुळेपणा करू नका. डॉक्टर अॅट्रोपीन मोजून देतात, घटकेघटकेला रोगी तपासतात आणि मगच पुढचं इंजेक्शन देतात. पाल्याच्या रसाला ना माप ना मोज. एका विषावर दुसरं विष चढलं तर माणूस हातचा जातो.

गाडी येईपर्यंत काय करावे?

१. तात्काळ १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ती यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. रोग्याला मोटारसायकलवर एकट्याच्या मागे बसवू नये, तो पडतो.

२. तोंडात बी किंवा पाला उरला असेल तर बोटाला कापड गुंडाळून काढावा. माणूस शुद्धीवर असेल तर चूळ भरायला लावावी.

३. रोग्याला क्षणभरही एकटे सोडू नये. भ्रमात तो विहिरीकडे, रस्त्याकडे, चुलीकडे जातो. एकाने शांतपणे, नाव घेऊन, धीर देत बोलत राहावे. भोवती गर्दी आणि गलका नको.

४. अंग तापले असेल तर कपडे सैल करावेत, सावलीत हवेशीर जागी निजवावे, ओल्या फडक्याने अंग पुसावे आणि वारा घालावा. घाम बंद झाल्यामुळे चढलेला हा ताप, तापाच्या गोळीने उतरण्यातला नाही.

५. गुंगी आली असेल किंवा उलटी होत असेल तर एका कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी श्वासनळीत जात नाही.

६. काय खाल्ले त्याचा नमुना सोबत न्यावा. फळ, पान, उरलेली भाजी, भाकरी, पीठ, जे असेल ते पिशवीत बांधून घ्यावे. खाल्ल्याची वेळ कागदावर लिहावी.

७. त्याच पंगतीला किंवा त्याच खेळात आणखी कोण होते, ते विचारावे. त्या सर्वांना, त्रास होत नसला तरी, दवाखान्यात न्यावे.

काय करू नये?

मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवू नये. अर्धवट शुद्धीतल्या माणसाची उलटी फुफ्फुसात जाते आणि ते विषापेक्षा भारी पडतं. ताक, लिंबू, चिंचेचं पाणी, तूप, दूध पाजत बसू नये. एक तर ह्या माणसाला घोट नीट गिळता येत नाही आणि दुसरं म्हणजे त्यात वेळ जातो. चुलीतला कोळसा किंवा राख खायला देऊ नये. झोपेची गोळी देऊ नये. आणि 'सकाळपर्यंत उतरेल' म्हणून वाट पाहू नये.

दवाखान्यात काय करतात?

डॉक्टर नाडी, ताप, रक्तदाब, डोळे आणि पोट तपासतात, हृदयाचा आलेख काढतात. गरजेप्रमाणे पोटातलं विष शोषून घेणारा खास औषधी कोळसा देतात. धोतऱ्यानं आतडी मंदावलेली असतात, म्हणून पोचायला थोडा उशीर झाला तरी ह्याचा उपयोग होऊ शकतो. शिरेतून सलाईन लावतात. लघवी तुंबली असेल तर नळी घालून ती मोकळी करतात. धडपड आणि झटके थांबावेत म्हणून शांत करणारं इंजेक्शन देतात. अंग गार करतात. धोतऱ्यावर फायसोस्टिग्मीन नावाचा उतारा आहे. तो सगळीकडे मिळतो असं नाही आणि प्रत्येक रोग्याला लागतोच असंही नाही. द्यायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतात. वेळेवर पोचलेला रोगी बहुधा दोन-तीन दिवसांत बरा होऊन स्वतःच्या पायांनी घरी येतो, हा मोठा दिलासा आहे.

काही जण पोलीस केस होईल ह्या धास्तीनं दवाखान्यात जायला कचरतात. विषबाधेची नोंद दवाखाना करतो आणि पोलिसांना कळवतो, हे खरं. पण ती कागदपत्रं उपचाराच्या आड येऊ शकत नाहीत. आधी जीव वाचवायचा, कागद मागून, असा स्पष्ट निवाडा सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच दिला आहे. तेव्हा धास्ती बाळगू नका आणि काही लपवू नका.

शेतात आणि गोठ्यात घ्यायची काळजी

उपचारापेक्षा बंदोबस्त सोपा. धोतरा फुलावर येण्याआधीच उपटावा. फळ तडकलं की बी जमिनीत पडतं आणि ते पुढं कित्येक वर्षं रुजत राहतं. उपटताना हातमोजे किंवा जाड फडकं वापरावं, तो हात डोळ्याला लावू नये आणि काम झाल्यावर साबणानं धुवावा. फळं आलेली झाडं जाळू नयेत, धुरानंही बाधा होते. ती खोल खड्ड्यात पुरावीत. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली तर बी खताबरोबर पुन्हा रानात येतं.

काढणीच्या आधी एक चक्कर टाकून पिकातला धोतरा हातानं काढून बांधाबाहेर न्यावा. हिरवा धोतरा मळणी यंत्रात गेला तर त्याचा रसही धान्याला लागतो. खाण्याचं धान्य चाळून घ्यावं. धोतऱ्याचं बी सोयाबीनपेक्षा लहान, म्हणून चाळणीतून खाली पडतं. बाजरीपेक्षा मोठं, म्हणून चाळणीवर राहतं. ज्वारीच्या दाण्याशी मात्र त्याचा आकार जुळतो, तिथं सुपात घेऊन निवडण्याला पर्याय नाही. आपल्या आयाबाया दाणा न् दाणा निवडून मगच दळण देतात. ती वेळखाऊ रीत नाही, ती राखण आहे. गिरणीतून आयतं पीठ येऊ लागलं तरी घरच्या धान्याची ही राखण सोडू नका.

उभ्या धोतऱ्याला जनावर सहसा तोंड लावत नाही, पण कडब्यात, मुरघासात किंवा कुट्टीत तो मिसळला तर जनावराला निवडता येत नाही. नाकपुडी कोरडी पडणं, बाहुल्या मोठ्या होणं, रवंथ थांबणं, पोट फुगणं, अस्वस्थ होणं ह्या खुणा दिसल्या तर तो चारा लगेच बंद करावा आणि पशुवैद्यकाला बोलवावं. चाऱ्याचा नमुना त्यांनाही दाखवावा.

गावच्या शाळेच्या आवारातला, अंगणवाडीमागचा आणि पाणवठ्याजवळचा धोतरा ग्रामपंचायतीनं पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा काढून टाकला, तर मुलांचा निम्मा धोका टळेल. गुरुजींनी मुलांना झाड प्रत्यक्ष दाखवून 'हे तोंडात घालायचं नाही' एवढं सांगावं. महादेवाला वाहण्यापुरता धोतरा रानात कुठंही मिळतो, तो अंगणात राखायची गरज नाही.

शेवटी, बंधूंनो आणि भगिनींनो, आज सांगितलेलं सगळं लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा. तोंड कोरडं, अंग गरम, बाहुली मोठी, बोलणं असंबद्ध. ह्या चार खुणा एकत्र दिसल्या की धोतऱ्याचा संशय घ्या. एकानं १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्यानं रोग्याजवळ बसायचं, तिसऱ्यानं नमुना पिशवीत घ्यायचा. हे पत्रक घरात जिथं सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.